मागच्या हौसिंगमधून ठोका येतोय: क्रॉस, क्राऊन-पिनियन की पाटे? ओळखायचं कसं?

जुन्नरी_क्रेटवाला
नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची बोलेरो. मागून ड्राइव्ह, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). सीझनमध्ये टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगाव मार्केट, अधूनमधून माळशेज उतरून कल्याण. गाडीला नावं ठेवायला आलेलो नाही, तिच्याकडून काम भरपूर घेतलंय.

त्रास असा. पहिल्यात क्लच सोडला की मागून 'टक्'. रिव्हर्समधून पहिल्यात टाकली की तोच आवाज मोठा, 'ठक्'. चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबला तरी एक ठोका. सरळ रस्त्याला एका लयीत काही वाजत नाही. खड्ड्यात मात्र वेगळीच खडखड आहे, ती मागून डावीकडून येते असं मागे बसणाऱ्यांचं म्हणणं.

दोन गॅरेजला दाखवली. एक म्हणाला क्राऊन-पिनियन (मागचे मुख्य दातेरी गिअर) गेलं, हौसिंग (मागच्या चाकांमधलं लोखंडी कवच, ज्यात ते गिअर असतात) खोलू. दुसरा म्हणाला क्रॉस (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे प्रॉपलरच्या, टोकाचा जॉइंट) टाकून बघू, नाही गेला आवाज तर पुढचं पुढे. दोघांनीही गाडी फक्त चालवून बघितली, खाली कुणी शिरलं नाही. हौसिंगच्या खर्चाचा आकडा ऐकल्यापासून झोप नाही. घरच्या घरी काही तपासता येईल का?

सह्यभटक्या
हौसिंगला हात लावू देऊ नका! शंभर टक्के क्रॉस.

कोपरगावचा_बाळू
आधी दारावरची स्टेपनी बघा. हसू नका राव, बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर असते आणि दाराचं लॉक ढिलं झालं की खड्ड्यात असा आवाज येतो की वाटावं हौसिंगच गळून पडलं. जॅक, टॉमी (लोखंडी कांब), रिकामे क्रेट, सगळं उतरवा आणि दार आतून दोरीने आवळून एक चक्कर मारा. फुकटची तपासणी आहे.

जुन्नरी_क्रेटवाला
@सह्यभटक्या, गॅरेजवालाही शंभर टक्केच म्हणाला होता, फक्त क्राऊन-पिनियनबद्दल 😀
@बाळूदादा, करून बघतो.

जुना_फिटर
क्रेटवाले भाऊ, लक्षणं तुम्ही व्यवस्थित लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं आहे. तुमच्याकडे दोन वेगळे आवाज आहेत. त्यांची मोट बांधू नका.

आणि आवाज कुठून येतो हे कानाला विचारू नका. चासी आवाज वाहून नेते. पुढच्या क्रॉसचा ठोका मागच्या सीटखाली ऐकू येतो, डाव्या शॅकलचा (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) उजवीकडे. आवाज कधी येतो तेवढंच धरून चला.

क्लच सोडताना, रिव्हर्स-पहिला करताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडून दाबताना येतो तो ओढ उलटण्याचा ठोका. इंजिन आत्ताच गाडीला ढकलत होतं, आता गाडी इंजिनला ढकलतेय. त्या क्षणी गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जिथे जिथे मोकळी जागा आहे ती एकदम भरते आणि लोखंडावर लोखंड आदळतं. या रांगेत प्रॉपलरचे दोन्ही क्रॉस, सरकती स्प्लाइन (खाचांची जोडणी), क्राऊन-पिनियन, आतले डिफरन्शियलचे छोटे स्पायडर गिअर, अ‍ॅक्सलच्या स्प्लाइन हे सगळे आले. शेवटचा मेंबर लोक विसरतात: यू-बोल्ट, म्हणजे हौसिंग पाट्यांना आवळून धरणारे बोल्ट. ते ढिले असतील तर अख्खं हौसिंग पाट्यावर इंचाच्या अंशाने आपटतं आणि आवाज हुबेहूब क्रॉससारखा येतो.

खड्ड्यातल्या खडखडीचा या ओढीशी संबंध नाही. तिथे शॉकअपचे बुश (रबरी बाही), शॅकल, पाट्यांच्या क्लिपा, सायलेन्सरचे रबर बघायचे.

तिसरी जात लयीतल्या आवाजाची. तुम्हाला नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी २० ला चाक सेकंदाला अडीच फेरे मारतं आणि प्रॉपलर त्याच्या चौपटीच्या आसपास, म्हणजे दहा. चालण्याच्या वेगाला आणा, ताशी ५ ला. 'चिक्... चिक्...' दीड सेकंदातून एकदा आला तर चाक, ब्रेक ड्रम किंवा बेअरिंगकडे बघा. सेकंदाला दोन-तीनदा आला तर प्रॉपलर, आणि बहुतेक वेळा कोरडा पडलेला क्रॉस.

आता खाली जायचं कसं. हा भाग वगळून पुढे वाचू नका. मागून ड्राइव्हच्या गाडीत गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांना धरतात. मागची दोन्ही चाकं उचलली की गाडी पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर उभी राहते, तिला धरणारं काही उरत नाही. एकच चाक उचललं तरी गिअरचा उपयोग संपला, कारण उचललेलं चाक डिफरन्शियलमुळे मोकळं फिरतं. उरतो फक्त जमिनीवरच्या चाकाचा हँडब्रेक. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे, जागा सपाट, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही नाही. घोडी (जॅक स्टँड) लावा. प्रॉपलर उतरवणार असाल तर लक्षात ठेवा, तो निघाला की गिअर टाकणं न टाकणं सारखंच.

पहिल्या तपासणीला चाकं उचलायची गरजच नाही. चारही जमिनीवर, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पाठीवर आत सरका. एका हाताने हौसिंगची फ्लँज (प्रॉपलर जिथे बोल्टने जोडलेला असतो ती चकती) धरा, दुसऱ्याने प्रॉपलर, आणि दोन्ही उलट दिशांना पिळा. फ्लँज जागेवर आणि प्रॉपलर हलतोय, म्हणजे क्रॉस गेला. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला जाणवणारा प्ले, म्हणजे मोकळेपणा, शून्य असतो. 'थोडा चालतो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. प्रॉपलर वर-खालीही ढकलून बघा. क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर तपकिरी भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्यात.

पुढच्या क्रॉसला तेच करा, फक्त गिअर टाकून, म्हणजे गिअरबॉक्सची बाजू धरली जाईल.

फ्लँज आणि प्रॉपलर दोन्ही एकत्र थोडे फिरून थांबले तर तो प्ले हौसिंगच्या आतला. आणि तो थोडा असायलाच हवा! क्राऊन-पिनियनच्या दातांत सेटिंग करतानाच साधारण ०.१ ते ०.२ मिमी जागा सोडतात, नाहीतर गरम झाल्यावर दात एकमेकांना खातील. त्यात स्पायडर गिअर आणि अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनची जागा मिळवा. शिवाय चाकाच्या बाजूचा एक अंश फ्लँजवर चार अंश होऊन दिसतो, कारण पिनियन चौपट फिरतो. हा मोठा दिसणारा आकडा बघूनच निम्मी हौसिंगं विनाकारण उघडली जातात.

आतलं काम खरंच बिघडलंय याची खूण वेगळी असते. फ्लँज धरून वर-खाली, डावी-उजवी ढकला. तिथे हालचाल म्हणजे पिनियन बेअरिंग गेलं. सील ओलं आहे का बघा. ऑइलचा प्लग काढून चुंबकावर काय चिकटलंय ते बघा. राखाडी मऊ लेप असेल तर सोडून द्या, लोखंडाचे कण किंवा चिपळ्या असतील तर मग हौसिंग उघडण्याचं बोला. आणि बिघडलेलं क्राऊन-पिनियन नुसतं टक् करून गप्प बसत नाही, ते गातं. ओढीवर एक सूर, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा.

सध्या एवढं करा. यू-बोल्टचं उद्या लिहितो, नातू लॅपटॉप मागतोय.

भौतिक_मास्तर
काकांच्या पोस्टला एक पुरवणी. एकटा क्रॉस जॉइंट कोनात चालला की बाहेरचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा संथ होतो. १० अंशाच्या कोनाला हा फरक दोन्ही बाजूंना दीड टक्क्याच्या आसपास. दुसरा क्रॉस त्याच कोनात आणि योग्य जुळणीत बसवला की तो फरक फिटतो. म्हणून प्रॉपलरच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे काटे) एका रेषेत असतात. स्प्लाइन काढून एक-दोन दात सरकवून बसवली की क्रॉस नवा आणि गाडी थरथरतेय अशी तक्रार सुरू होते. रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात या जॉइंटवर काम केलं, त्याच्या नावाने अजून ओळखतात.

वडापवाला_कोरेगाव
एवढा शास्त्रार्थ कशाला? आमच्याकडे वडापच्या गाड्यांना पिनियनचा नट अर्धा फेरा आवळतात, प्ले गायब. दहा मिनिटांचं काम.

जुना_फिटर
@वडापवाला, प्ले गायब होतो आणि काही महिन्यांत बेअरिंगही गायब होतं. बऱ्याच डिफरन्शियलमध्ये त्या नटाखाली चुरगळणारी स्लीव्ह असते. ती एकदाच दबते आणि बेअरिंगवर ठराविक ताण ठेवते. अर्धा फेरा जास्त आवळलात की ताण हद्दीबाहेर जातो, बेअरिंग तापतं, निळं पडतं. मग खरंच क्राऊन-पिनियन बदलायची पाळी येते. शिवाय दातांमधली जागा त्या नटाने कमी होतच नाही. ती क्राऊनच्या बाजूने, शिम (पातळ चकत्या) किंवा बाजूच्या नटांनी सेट करतात.

वडापवाला_कोरेगाव
आमच्या गाड्या चालतात बुवा.

सह्यभटक्या
चालतात, आणि आवाजावरून गावात कोण आलंय ते घरात बसून कळतं.

चिपळूणकरीण
हाच आवाज माझ्या जुन्या इनोव्हात आहे, पण तिला मागे पाटे नाहीत, कॉइल आहेत. कुंभार्लीच्या वळणांवर एका बाजूने दुसऱ्या बाजूला कलली की 'धप्'. ब्रेक सोडून निघताना मात्र काही नाही. यात क्रॉस धरायचा का?

जुना_फिटर
ताई, ओढ उलटताना वाजत नाही म्हणजे क्रॉसला सध्या सोडा. इनोव्हात हौसिंगला पुढे-मागे चार आर्म धरतात आणि आडवं एका लांब रॉडने बांधलेलं असतं. एक टोक हौसिंगला, दुसरं चासीला. त्याच्या बुशमधलं रबर सुटलं की बॉडी आधी सरकते आणि मग हौसिंग, त्यातला धक्का तो 'धप्'. गाडी जमिनीवर उभी ठेवून दोघांना मागच्या कोपऱ्यावरून बॉडी आडवी हलवायला सांगा. तुम्ही बाजूने वाकून टॉर्चने रॉडची दोन्ही टोकं बघा. बोल्ट बुशमध्ये नाचताना दिसेल. निघताना आणि ब्रेक मारताना वाजलं असतं तर पुढे-मागे धरणाऱ्या आर्मचे बुश बघायला सांगितले असते. जुनी सफारी, पहिली स्कॉर्पिओ यांच्यासारख्या कॉइलवाल्या गाड्यांनाही हेच लागू.

चिपळूणकरीण
धन्यवाद काका. भावाला कामाला लावते.

वॅगनारवाली_पुणे
माझी वॅगन आर आहे. यू-टर्न मारताना कट् कट् कट्. मागचा अ‍ॅक्सल?

भौतिक_मास्तर
नाही हो. तुमची गाडी पुढून ओढते, मागच्या अ‍ॅक्सलला ड्राइव्हच नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट् कट् म्हणजे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा चाकाकडचा जॉइंट. काळं रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का बघा. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

श्टुटगार्टचा_शऱ्या
इकडची गंमत सांगतो. माझी मागून ड्राइव्हची सेडान आहे, पण हौसिंग असं नाही. डिफरन्शियल गाडीच्या बॉडीखालच्या फ्रेमला रबरी माउंटिंगने टांगलेलं आणि दोन्ही बाजूंना वेगळे शाफ्ट. क्लच सोडताना असाच ठोका होता आणि तो निघाला डिफरन्शियलच्या माउंटिंगच्या बुशचा. आत सगळं ठीक. इथे नव्या गाडीची तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची. तिथे हलत्या पट्ट्यांवर चाकं उभी करतात, खालची पट्टी चाकाला आडवं-उभं ओढते आणि तपासणारा खड्ड्यात उभा राहून प्रत्येक जॉइंटवर बॅटरी मारतो. कान कुणी वापरत नाही. काकांचीच पद्धत, फक्त हायड्रॉलिक.

फोंडेकार
आमच्याकडे गोव्यात ओम्नीला क्रॉसपेक्षा शॅकलची पिन आधी जाते. खारी हवा आणि पावसातला चिखल. पिन बुशमध्ये गंजून बसते, काढायला गॅस कटर लागतो.

जुना_फिटर
काल राहिलेला भाग.

यू-बोल्ट. हौसिंगखाली, जिथे ते पाट्यावर बसतं तिथली जागा ब्रशने साफ करून बघा. धूळ-गंजात मधेच एखादी चकचकीत रेघ किंवा घासलेला पट्टा दिसला तर तिथे हालचाल आहे. मग एकाला स्टेअरिंगवर बसवा. इंजिन चालू, ब्रेक पूर्ण दाबलेला, पहिल्यात टाकून क्लच अगदी किंचित सोडायचा, परत दाबायचा, मग रिव्हर्समध्ये तेच. तुम्ही गाडीखाली नाही आणि पुढे-मागेही नाही, बाजूला उकिडवे बसून टॉर्चने बघायचं. पिनियनचं नाक किंचित वर-खाली होणार आणि पाटे थोडे मुरडणार, ते बरोबर. पाटा जागेवर आणि हौसिंग त्यावर सरकतंय, ते चूक. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर हौसिंग एका बाजूला मागेही गेलेलं सापडतं. दोन्ही बाजूंना पुढच्या हँगरपासून (पाट्याचं पुढचं टोक चासीला धरणारा भाग) हौसिंगपर्यंत टेप लावून मोजा.

शॅकलचे बुश टॉमीने तपासा, गाडीचं वजन पाट्यांवर असताना. चाकं लटकवून बघितलं तर ताण वेगळ्या दिशेला जातो आणि खराब बुशही चांगला वाटतो. उलट चाकाचं बेअरिंग बघायचं तर चाक उचलूनच. वर-खाली बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा.

शॉकअपची शंका असेल तर खालचा बोल्ट काढून शॉकअप बांधून ठेवा आणि गल्लीत हळू एक चक्कर. खडखड थांबली की उत्तर मिळालं. तसं घेऊन हायवेला जाऊ नका.

बदलाबदली निघाली तर दोनच गोष्टी. प्रॉपलर काढण्याआधी फ्लँजवर आणि सरकत्या स्प्लाइनवर छिन्नीने किंवा पेंटने खूण करा, मास्तर म्हणाले त्याच कारणासाठी. आणि शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. लटकत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नवा बुश लवकर फाटतो.

थारवाला_नाशिक
जुनी पाटेवाली थार उंच केलीय त्यांनीही हे वाचा. हौसिंगचा कोन बदलला की मागचा क्रॉस वाकडा चालतो आणि नवे क्रॉस लवकर जातात. कोनाची पाचर टाकून घ्या.

जुन्नरी_क्रेटवाला
मंडळी, रिपोर्ट.

बाळूदादांची स्टेपनी निर्दोष सुटली. रिकामी गाडी फिरवली, खडखड तशीच.

पुढचा क्रॉस टाइट. मागच्या क्रॉसच्या खालच्या टोपीभोवती लाल भुकटी, आणि फ्लँज धरून पिळल्यावर प्रॉपलर स्पष्ट हलतो. फ्लँज वर-खाली अजिबात हलत नाही. ऑइल काळं आहे पण चुंबकावर फक्त लेप. डाव्या बाजूच्या यू-बोल्टखाली चकचकीत पट्टा, उजवीकडे काही नाही. डाव्या शॅकलच्या बुशमधून टॉमीने पिन बाहेर डोकावते.

ओळखीच्या फिटरकडे नेली, खूण करूनच प्रॉपलर उतरवला. मागच्या क्रॉसच्या सुया पीठ झालेल्या. क्रॉस नवा, डावीकडचे शॅकल बुश नवे, यू-बोल्ट चारही नवे, हौसिंगचं ऑइल बदललं. क्लचचा ठोका गेला. खड्ड्यातली खडखडही गेली. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना एक अगदी बारीक 'टिक्' अजून आहे.

जुना_फिटर
ती टिक् हौसिंगच्या आतली नेहमीची जागा. तिला ठेवा. ऑइल कुठलं घातलं?

जुन्नरी_क्रेटवाला
८०डब्ल्यू-९०, जीएल-५. भरताना प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत.

जुना_फिटर
बरोबर. हौसिंगवरचा हवेचा ब्रीदरही साफ करून घ्या, तो चोंदला की गरम ऑइल सीलमधून वाट काढतं.

सह्यभटक्या
म्हणजे क्रॉसच होता 😎

जुन्नरी_क्रेटवाला
निम्मा क्रॉस, निम्मे यू-बोल्ट. गॅरेजवाल्याचं ऐकून नुसता क्रॉस टाकला असता तर आवाज अर्धाच गेला असता, आणि मग हौसिंग उघडलंच असतं त्यांनी. काका, यू-बोल्ट परत आवळायचे का?

जुना_फिटर
हो. नवे यू-बोल्ट बसताना थोडे ताणतात आणि पाट्यांमधला रंग-गंज दबतो. लोड घेऊन एक-दोन फेऱ्या झाल्या की गाडी चाकांवर उभी ठेवून टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. आणि नव्या क्रॉसला निप्पल (ग्रीस भरायचं टोक) असेल तर आत्ताच ग्रीस मारा, चारही टोप्यांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. नवा क्रॉस भरलेला येतो असं समजू नका, बऱ्याचदा आत फक्त गंज लागू नये इतपतच असतं.

जुन्नरी_क्रेटवाला
तीन टोप्यांतून आलं, वरच्या एकीतून येत नाहीये.

जुना_फिटर
प्रॉपलर अर्धा फेरा फिरवून ती खाली आणा, आणि पिळून थोडा हलवत हलवत गन मारा. तरी नाही आलं तर क्रॉस परत काढून सुया आडव्या पडल्यात का बघायला सांगा. तसाच चालवू नका.

जुन्नरी_क्रेटवाला
खाली आणल्यावर आलं. सोमवारी मार्केट आहे, परत आलो की यू-बोल्ट आवळतो.